प्राणवायूचें सिलिंडर घरीं भरावें काय ?

मालवणच्या किनाऱ्यावर दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्याच्या सुटींत जाणारें कुटुंब हल्लीं नुसता सिंधुदुर्ग किल्ला पाहून आणि सोलकढी पिऊन परत फिरत नाहीं. घरांतील तरुण मंडळी पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या पोटांत डोकावून येतात, आणि वडील मंडळी होडींत बसून त्यांच्या बुडबुड्यांकडे डोळे लावून राहतात. अशा वेळीं होडींत एक प्रश्न हमखास निघतो. "ह्या टाकींत ऑक्सिजन पुरेसा आहे ना रे बाबा ?" असें एखाद्या काकूंनीं काळजीनें विचारावें, आणि होडीवरच्या पोरानें हसून "ऑक्सिजन नाय ओ काकू, साधी हवाच आसा ती" असें सांगावें, हा तेथला नेहमींचा पाठ आहे.

पोराचें उत्तर अक्षरशः खरें असतें. पण काकूंचा समज एकट्या काकूंचा नव्हे. वर्तमानपत्रांतून, चित्रपटांतून आणि सुशिक्षितांच्या बैठकींतूनही पाणबुड्याच्या पाठीवरील सिलिंडरास 'ऑक्सिजनची टाकी' असेंच म्हणतात. हा घोटाळा केवळ नांवाचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु चुकीच्या नांवांतून चुकीचा बेत उपजतो. किनाऱ्यावरच्या ज्या घरांनीं माडीवर पाहुणे उतरविण्याचा व्यवसाय धरला आहे, तेथील एखादा हुशार मुलगा मनांत हिशेब मांडतो : वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचें मोठें सिलिंडर मिळतें, स्कुबाचीं लहान सिलिंडरें आपल्यापाशीं आहेत, मध्यें एक नळी जोडली कीं घरच्या घरीं काम होईल. दुसऱ्या एखाद्या घरांत २०२१ च्या साथींत आजोबांसाठीं आणलेलें सिलिंडर जिन्याखालीं तसेंच उभें असतें, आणि 'तें कशास वायां घालवावें ?' असा विचार डोकें वर काढतो. काटकसर हा आपल्या घरांचा गुण खरा. परंतु या एका बाबतींत तो प्राणावर बेतणारा आहे. तो कसा, हें आम्ही येथें सविस्तर सांगणार आहों.

प्रथम सिलिंडरांत काय असतें तें पाहूं. आपण श्वासावाटे घेतों त्या हवेंत शेंकडा ७८ भाग नायट्रोजन, सुमारें २१ भाग प्राणवायु आणि उरलेला एक भाग बहुतेक आर्गॉन असतो. स्कुबाच्या सिलिंडरांत हीच हवा गाळून, कोरडी करून आणि दाबून भरलेली असते. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब आपल्या अंगावर असतो तो सुमारें एक बार. सिलिंडरांतील हवा २०० बारपर्यंत दाबतात. ज्या भांड्यांत बारा लिटर पाणी मावेल त्यांत या दाबानें सुमारें २,४०० लिटर हवा मावते. हवेला वजन नसतें असें समजणारांस आश्चर्य वाटेल, पण एवढी हवा तोलली तर ती जवळजवळ तीन किलो भरेल.

ही हवा किती वेळ पुरते ? सावकाश हालचाल करणाऱ्या माणसास मिनिटास वीस लिटर हवा लागते असें धरलें, तर जमिनीवर हा साठा दोन तास पुरावा. परंतु समुद्रांत दर दहा मीटर खोलीस एक बार दाब वाढतो. दहा मीटरांवर एकंदर दाब दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासांत हवाही दुप्पट भरते आणि दोन तासांचा साठा एका तासावर येतो. वीस मीटरांवर तो चाळीस मिनिटांवर येतो. पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पाणबुड्यास आपोआप मिळावी, हें काम रेग्युलेटरचें. तो फ्रान्समध्यें १९४३ सालीं जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनीं सिद्ध केला. महायुद्धामुळें पेट्रोल मिळेनासें झालें तेव्हां तेथील मोटारी वायूवर चालवाव्या लागत. त्या मोटारींसाठीं गान्यां यांनीं तयार केलेली झडप हीच या उपकरणाची जननी होय.

आतां कोणी म्हणेल, माणूस जर प्राणवायूवर जगतो, तर पाठीवर निरुपयोगी नायट्रोजनचें ओझें कशाला ? निव्वळ प्राणवायु भरला तर तो पांचपट वेळ पुरणार नाहीं काय ? हा तर्क दिसण्यांत बिनतोड आहे, पण दोन्ही अंगांनीं चुकतो. एक तर साध्या स्कुबांत सोडलेला श्वास बुडबुड्यांच्या रूपानें समुद्रांत जातो, त्यांतील शिल्लक प्राणवायु परत वापरला जात नाहीं. आणि आपण किती वेगानें श्वास घ्यावा हें मुख्यतः शरीरांतील कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर टाकण्याच्या गरजेवर ठरतें. म्हणून सिलिंडर प्राणवायूनें भरलें तरी तें एक मिनिटही अधिक पुरणार नाहीं.

दुसरें अंग याहून गंभीर आहे. दाबाखालचा प्राणवायु हें विष आहे. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें कीं, उच्च दाबाच्या प्राणवायूंत ठेवलेल्या प्राण्यांस अपस्मारासारखे झटके येतात. योगायोग असा कीं, त्याच १८७८ सालीं इंग्लंडांत हेन्री फ्लूस यानें निव्वळ प्राणवायूवर चालणारें पाणबुड्याचें उपकरण तयार केलें. म्हणजे औषध आणि त्याचा धोका हे एकाच वर्षीं जगापुढें आले. स्वतः कुस्तो यांना रेग्युलेटरच्या शोधापूर्वीं प्राणवायूच्या उपकरणानें बुडी मारतांना दोन वेळां झटके आले होते. पुढें १९५७ सालीं भारतांत येऊन स्थायिक झालेले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तलेले प्रसिद्ध शास्त्रज्ञ जे. बी. एस्. हाल्डेन यांनीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश आरमारासाठीं हे प्रयोग स्वतःच्या देहावर केले, आणि अशाच एका झटक्यांत त्यांच्या पाठीचे मणके चेपले गेले.

या अनुभवांतून आजचा नियम निघाला आहे. श्वासांतील प्राणवायूचा दाब १.४ बारपेक्षां वाढूं देऊं नये, आणि १.६ बार ही तर अखेरची मर्यादा समजावी. साधी हवा घेणारा पाणबुड्या ही अखेरची मर्यादा पासष्ट मीटरांच्या पुढें गांठतो. निव्वळ प्राणवायु घेणारा ती केवळ सहा मीटरांवर गांठतो. सहा मीटर म्हणजे आपल्या दुमजली घराची उंची. जमिनीवर झटका आला तर तोंडावरचा मुखवटा काढतां येतो आणि रोगी बहुधा सांवरतो. पाण्याखालीं झटका आला कीं तोंडांतील नळी सुटते आणि माणूस बुडतो. पूर्वसूचना मिळेलच असा भरंवसा नाहीं. सारांश, ज्याला आपण प्राणवायु म्हणतों तो आपल्याला एकपंचमांशाच्या प्रमाणांतच मानवतो. निसर्गानें त्यांत चौपट पाणी घालून ठेवलें आहे तें उगीच नव्हे.

मग पाणबुड्यांच्या व्यवसायांत निराळ्या प्राणवायूस कांहींच स्थान नाहीं काय ? आहे, आणि तें दोन ठिकाणीं आहे. खोल पाण्यांत दाबाखालीं नायट्रोजन रक्तांत व मांसांत विरघळतो. पाणबुड्या घाईनें वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे अंगांतच फुटतात. सांधे ठणकतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगीं प्राणही जातो. किती खोलीवरून किती सावकाश वर यावें याचीं कोष्टकें वर उल्लेखिलेल्या हाल्डेन यांचे वडील जॉन स्कॉट हाल्डेन व त्यांचे सहकारी यांनीं १९०८ सालीं प्रथम तयार केलीं. हा विरघळणारा नायट्रोजन कमी व्हावा म्हणून हवेंत थोडा जादा प्राणवायु मिसळून शेंकडा ३२ किंवा ३६ भागांचें मिश्रण करतात. त्यास नायट्रॉक्स म्हणतात. परंतु त्याबरोबर खोलीची मर्यादाही आंखडते. शेंकडा ३२ भागांच्या मिश्रणानें सुमारें तेहतीस मीटरांखालीं जातां येत नाहीं. अतिशय खोल बुड्यांसाठीं नायट्रोजनच्या जागीं हेलियमही वापरतात. याच वायूचें नांव आपल्या विजयदुर्गाशीं जोडलें जातें. मात्र तेथें लोकांच्या बोलण्यांत थोडी सरमिसळ झाली आहे. ज्या ग्रहणाशीं हेलियमचा शोध निगडित आहे तें ता. १८ ऑगस्ट १८६८ चें; त्या वेळीं जान्सन हे फ्रेंच ज्योतिषी गुंटूर येथें होते आणि लॉकियर यांचें महत्त्वाचें निरीक्षण त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंग्लंडांत झालें. लॉकियर विजयदुर्गावर आले खरे, पण ते ता. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. असो.

किनाऱ्यालगत थोड्या मीटरांवर नेल्या जाणाऱ्या नवशिक्या पाहुण्यास नायट्रॉक्सचा कांहींएक उपयोग नाहीं. मात्र पुढें त्याची मागणी वाढेल हें उघड दिसतें. मालवणचा सागरी टापू १९८७ सालींच अभयारण्य म्हणून घोषित झाला. तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा शिकविणारी संस्था आहे. आणि निवृत्त युद्धनौका 'गुलदार' निवतीच्या खडकांनजीक समुद्रतळीं ठेवून तेथें पाण्याखालचें संग्रहालय करण्याची योजना सरकारनें २०२५ सालीं हातीं घेतली आहे. खोल बुड्या वाढतील, तसें नायट्रॉक्सही येईल, आणि त्याबरोबर प्राणवायु साठविण्याचा व ओतण्याचा प्रश्नही येईल. घरोघरच्या वडील मंडळींनीं तो आधींच समजून घ्यावा हें बरें.

प्राणवायूचें दुसरें स्थान प्रथमोपचारांत आहे, आणि तें नायट्रॉक्सहून कितीतरी महत्त्वाचें आहे. बुडबुड्यांचा विकार झालेल्या पाणबुड्यास वर आणल्याबरोबर निव्वळ प्राणवायु देणें हा पहिला उपचार. त्यानें अंगांतील नायट्रोजन लवकर बाहेर पडतो. पक्का उपचार म्हणजे दाबाच्या कोठडींत ठेवणें. अशी सोय मुंबईस कुलाब्याच्या नौदल रुग्णालयांत, 'अश्विनी' येथें आहे. मालवणाहून मुंबई सडकेनें सुमारें पांचशें किलोमीटर. एवढ्या वाटेंत रोग्याचा आधार म्हणजे हा प्राणवायूच. तेव्हां होडीवर आणि किनाऱ्यावर भरलेलें सिलिंडर तयार असणें हें चैन नव्हे, कर्तव्य आहे. म्हणून आमचें म्हणणें 'प्राणवायूस घरांत थाराच देऊं नका' असें नाहीं. प्राणवायु ठेवणें निराळें आणि तो एका सिलिंडरांतून दुसऱ्यांत भरणें निराळें. पहिली गोष्ट नीट शिकून करतां येते; दुसरी घरीं करूं नये.

कां करूं नये, तें पाहण्यापूर्वीं ती कशी होते तें समजून घेऊं. दोन हंड्यांच्या तळाशीं नळी जोडली म्हणजे भरल्या हंड्यांतील पाणी रित्यांत जातें आणि दोहोंची पातळी सारखी झाली कीं थांबतें. वायूचेंही तसेंच. बाजारांत मिळणाऱ्या मोठ्या सिलिंडरांत सुमारें ४७ लिटर जागा असते, आणि १५० बार दाबानें त्यांत सात घनमीटर प्राणवायु बसतो. त्यास दहा लिटरांचें रिकामें सिलिंडर जोडलें तर दोहोंचा दाब सुमारें १२४ बारवर येऊन ठेपेल; दुसरें जोडलें तर १०२ वर. म्हणजे प्रत्येक वेळीं भरणें अपुरेंच राहील आणि मोठ्या सिलिंडरांतील बराच भाग कधींच कामास येणार नाहीं. घरच्या हिशेबांतली काटकसर येथेंच निम्मी गळून पडते.

पण खरा धोका दाबांत नसून उष्णतेंत आहे. सायकलच्या पंपानें हवा भरतांना पंपाचें टोंक तापतें हें मुलांसही ठाऊक असतें. मालवणच्या होड्यांतील डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. केवळ हवा एकदम दाबल्यानें ती इतकी तापते कीं तेल आपोआप पेट घेतें. आतां १५० बार दाबाच्या सिलिंडराची झडप झटक्यानें उघडली तर पुढच्या बंद नळींत साचलेला वायु एका क्षणांत दाबला जातो, आणि गणितानें पाहतां त्याचें उष्णतामान ९०० अंशांच्या पुढें जाऊं शकतें. तो वायु साधी हवा असेल तर ही उष्णता क्षणांत धातूंत जिरून जाते. तो प्राणवायु असेल आणि वाटेंत तेलाचा एक थेंब, रबराचा एक तुकडा किंवा धुळीचा एक कण असेल, तर तो पेटतो. त्याच्या ज्वाळेनें झडपेंतील रबरी कडी पेटते. आणि तिच्या ज्वाळेनें धातु पेटतो. धातु कसा पेटेल असें ज्यांस वाटेल त्यांनीं शाळेंतील प्रयोग आठवावा. प्राणवायूच्या बरणींत लोखंडी तार फुलबाजीसारखी जळते. वेल्डिंगच्या दुकानांत पोलादाचा पत्रा कापतात तोही प्राणवायूच्या झोतानेंच. ज्या सिलिंडराच्या तोंडाशीं आपला मुलगा वाकून उभा आहे त्याच तोंडांतून असा झोत निघाला तर काय होईल, तें सांगावयास नको.

येथें आमच्या घरांतील एक जुनी संवय मुद्दाम सांगितली पाहिजे. आटे घट्ट झाले, कडी कुरकुरली, कुलूप अडलें, कीं आपण खोबरेल तेलाचें बोट लावतों. कोंकणांत तर घरोघरीं हेंच औषध. प्राणवायूच्या सिलिंडराच्या आट्यांस तेलाचें बोट लावणें म्हणजे दारूच्या कोठारांत काडी ओढणें होय. डोक्यास तेल लावलेला हात, मासळीनें चिकट झालेलें फडकें, इंजिनाच्या खोलींतला पाना, उन्हासाठीं अंगास चोपडलेलें मलम, यांपैकीं कांहींही त्या झडपेस लागतां कामा नये. आणि स्कुबाचें नेहमींचें सिलिंडर तर आंतूनच संशयास्पद असतें. कारण तें तेल घातलेल्या कॉम्प्रेसरनें भरलेलें असतें आणि त्या तेलाची सूक्ष्म पुटी आंत बसलेली असूं शकते. म्हणूनच प्राणवायु भरावयाचीं सिलिंडरें व झडपा विशेष रीतीनें तेलविरहित धुवून, निराळ्या चिन्हाच्या करून, निराळ्या ठेवाव्या लागतात. ज्वालाग्राही वायूंच्या जोडण्यांस उलटे आटे ठेवलेले असतात तेही अशाच हेतूनें, कीं एकाचें तोंड दुसऱ्यास चुकूनही बसूं नये. बाजारांतून आणलेली 'कशासही बसणारी' जोडणी ही शहाण्यांनीं घातलेलें तें कुंपण मोडणारी वस्तु आहे.

भरणें सोडून नुसतें गळणें घेतलें तरी प्राणवायूचें वर्तन निराळें आहे. तो स्वतः जळत नाहीं, त्याला वास नाहीं, रंग नाहीं. म्हणून स्वयंपाकाच्या गॅसप्रमाणें तो आपण होऊन सावध करीत नाहीं. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा बंद खोलींत सात घनमीटरांचें सिलिंडर गळून रितें झालें, तर त्या खोलींतील प्राणवायूचें प्रमाण २१ वरून चाळिशीच्या आसपास जाईल. अशा हवेंत समईची वात, उदबत्तीचें टोंक किंवा दिव्याच्या बटनांतील ठिणगी पुरेशी होते. लुगडें, धोतर, गादी, पडदा यांच्या धाग्याधाग्यांत तो भरून राहतो, आणि एरवीं धुमसणारी वस्तु भडकन् पेटते. ता. २७ जानेवारी १९६७ रोजीं अमेरिकेंत 'अपोलो' यानाच्या जमिनीवरील चांचणींत ठिणगी पडून लागलेल्या आगींत तीन अंतराळवीर मेले, त्याचें एक मुख्य कारण यानांत निव्वळ प्राणवायु भरलेला होता हेंच. आणि आपल्या महाराष्ट्रांत ता. २१ एप्रिल २०२१ रोजीं नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या मोठ्या टाकीस गळती लागली, रुग्णांचा पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक जीव गेले. तेथें आग लागली नाहीं. पण जेथें टाकी, नळ व माणसें हीं सर्व नेमलेलीं होतीं तेथेंही एक गळती किती घात करते, याचें तें दुःखद स्मरण आहे. आपल्या जिन्याखालीं तर यांपैकीं कांहींच नेमलेलें नसतें.

कायद्यानेंही या कामास दार बंद केलें आहे. १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याखालीं केलेल्या २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांप्रमाणें परवान्यावांचून कोणीही सिलिंडरांत दाबलेला वायु भरूं शकत नाहीं. हे परवाने देणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, जिला सर्वत्र 'पेसो' म्हणतात, तिचें मुख्य ठाणें आपल्या नागपुरास आहे. प्रत्येक सिलिंडराची ठराविक मुदतीनें पाण्याच्या दाबाखालीं परीक्षा व्हावी लागते, आणि तिची तारीख सिलिंडराच्या खांद्यावर ठोकलेली असते. विकत किंवा भाड्यानें घेतांना ती तारीख वाचण्याची संवय घरांतील प्रत्येकानें लावून घ्यावी. ती पुसट असेल किंवा रंगाखालीं दडलेली असेल तर सिलिंडर घरांत आणूं नये.

साधी हवा भरण्याचें कामही घराच्या मागीलदारीं करण्याजोगें नाहीं, हें येथेंच सांगून टाकतों. टायर भरण्याच्या यंत्राचा दाब आठ-दहा बारच्या आसपास. स्कुबास २०० लागतो. आणि कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुराजवळ असेल तर त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सिलिंडरांत शिरतो. जमिनीवर जो अंश जाणवणारही नाहीं, तोच वीस मीटरांवर तिप्पट होऊन अंगांत भिनतो. म्हणून हवा कोठें व कशी भरतात, गाळण्या केव्हां बदलतात, हें विचारण्याचा हक्क पाहुण्यानेंही बजावावा.

आतां ठेवण्याविषयीं. प्रथमोपचारासाठीं अथवा घरांतील आजाऱ्यासाठीं प्राणवायूचें भरलेलें सिलिंडर ठेवणें भाग असेल तर तें परवाना असलेल्या भरणाऱ्याकडून भरून घ्यावें. रिकामें द्यावें आणि भरलेलें आणावें, हाच राजमार्ग. तें उभें ठेवून सांखळीनें भिंतीस जखडावें. कारण आडवें पडून झडप मोडली तर तें तोफेच्या गोळ्यासारखें धांवतें. जागा हवेशीर असावी; स्वयंपाकघर, देवघर, तेलाचे डबे, रॉकेल व होडीचें डिझेल यांपासून दूर असावी. झडप हळूहळू, हातानेंच उघडावी, आणि तोंड बाजूस ठेवावें. प्राणवायु घेतलेल्या माणसानें आपले कपडे मोकळ्या हवेंत झटकून कांहीं वेळ गेल्यावांचून दिव्याजवळ जाऊं नये. बिडी-सिगरेटचें नांवही त्या खोलींत निघूं नये. ज्या आजाऱ्यास घरीं दीर्घकाळ प्राणवायु लागतो त्याच्यासाठीं वैद्याच्या सल्ल्यानें हवेंतील नायट्रोजन शोषून प्राणवायु वेगळा करणारें यंत्र घेणें पुष्कळदां अधिक सोयीचें पडतें. त्यांत मोठा दाब सांठविलेला नसतो. मात्र विस्तवाचें पथ्य त्यासही आहेच.

किनाऱ्यावरच्या घरांस आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे खारा वारा. बाहेरून तो पोलादास गंज चढवितो. आंत पाण्याचा अंश राहिला तर गंज आंतूनही चढतो. आणि गंज चढणें म्हणजे लोखंडानें प्राणवायु गिळणें होय. पावसाळ्यांत समुद्र बंद असतो आणि सिलिंडरें चार-चार महिने कोपऱ्यांत पडून राहतात. अशा पोलादी सिलिंडरांतील हवा दाबाच्या घड्याळांत भरलेली दिसते, पण तिच्यांतील प्राणवायु कमी झालेला असूं शकतो, आणि ती ओढणारा माणूस कळण्यापूर्वींच बेशुद्ध पडूं शकतो. म्हणून हंगामाच्या आरंभीं जुनी हवा सोडून देऊन, सिलिंडर आंतून तपासून घेऊन, मगच नवी भरावी. चार महिन्यांची हवा फुकट गेली असें कोणीही म्हणूं नये.

इतकें वाचून एखादे आजोबा म्हणतील, "मग आमच्या नातवानें हा धंदाच करूं नये काय ?" तसें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्या किनाऱ्यावरील मुलें पिढ्यान् पिढ्या पोटासाठीं मुंबईची वाट धरीत आलीं, तेथें समुद्रानेंच घरबसल्या अन्न द्यावें याहून आनंदाची गोष्ट कोणती ? पण घरबसल्या म्हणजे घरांत नव्हे. मुलास या विद्येची खरी ओढ असेल तर त्यास तारकर्लीस किंवा दुसऱ्या मान्य संस्थेंत रीतसर शिकूं द्यावें. प्राणवायु देण्याचा प्रथमोपचार त्यास आला पाहिजे, आणि वायूंचें मिश्रण करावयाचें असेल तर तेंही जाणत्याच्या हाताखालीं शिकून. भरण्याचें केंद्र काढावयाचें तर गांवातल्या चार व्यावसायिकांनीं एकत्र येऊन, वस्तीपासून दूर, परवाना घेऊन, तेलविरहित यंत्रांसह एकच चांगलें केंद्र काढावें. चार घरांतील चार धोकादायक कोपऱ्यांपेक्षां तें स्वस्तही पडेल. एकत्र कुटुंबांत एकाच्या धाडसाची किंमत माजघरांत निजलेल्या दहा माणसांस द्यावी लागते. म्हणून असल्या बाबतींत घरांतील कर्त्या माणसानें 'नाहीं' म्हणतांना संकोच धरूं नये, आणि 'नाहीं' म्हटल्यावर योग्य वाट दाखविल्यावांचूनही राहूं नये.